लंडनचं रॅगेड स्कूल म्युझियम बघायला जाताय? मग हे वाचा

लंडनमधे पोरांना घेऊन कुठे जायचं म्हटलं की सगळे नॅचरल हिस्टरी म्युझियममधे डायनासोरच्या लाइनीत उभे. एखादा दिवस ईस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या पूर्वेकडच्या जुन्या गरीब वस्तीत काढा ना, रॅगेड स्कूल (गरीब पोरांची फुकट शाळा) म्युझियम आहे तिथे, छोटंसंच, दीड-दोन तासात आरामात होतं.

जायच्या आधी वेबसाइट बघाच, कारण हे रोज उघडं नसतं, आणि खरी मजा म्हणजे तिथला व्हिक्टोरियन वर्गातला तास, तो ठराविक दिवशीच असतो, ती तारीख धरूनच जा नाहीतर नुसते बाक बघून परत याल.

ट्यूबने (भुयारी रेल्वेने) माइल एंड स्टेशनला उतरून चालत जायचं. पण लगेच आत शिरू नका, आधी रीजंट्स कालव्याच्या काठावरून इमारत बघा. ही शाळा म्हणून बांधलेलीच नाही, मालाची गोदामं होती! डॉ. बार्नार्डो हा डब्लिनचा माणूस, चीनला मिशनरी म्हणून जायचं ठरवून १८६६ मधे डॉक्टरकी शिकायला लंडनला आला, तेव्हा ईस्ट एंडमधे कॉलऱ्याने हजारो माणसं गेली, पोरं रस्त्यावर आली, ते बघून चीन राहिलंच. १८७७ मधे त्याने इथे फुकट शाळा काढली. १८७० च्या कायद्याने सरकारी शाळा येत होत्या, पण तिथे आठवड्याला काही पेनी फी पडायची आणि रोजंदारीवरच्या घरात तेवढीही जड. इथे फी नाही, वर खायला पण मिळायचं, उपाशी पोरगं काय डोंबल शिकणार. १८९१ पासून सरकारी शाळांची फीही जवळपास गेली, १९०८ मधे ही बंद झाली.

तासाला मोठ्यांनीही बसायचं बरं का, कोपऱ्यात उभं राहून व्हिडिओ काढत बसू नका. बाई जुन्या वेषात येतात, आवाज कडक, हातात पाटी देतात. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा की हे नाटक आहे, नाहीतर रडारड. 'ढ' मुलाला घालायची ती उंच टोपी पण आहे, तिच्यासाठी आमच्याकडे भांडणं झाली. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांना न्याच, पाटीवर सगळ्यात भराभर तेच लिहितात आणि मग नातवंडांना शिकवायलाच लागतात.

त्या काळच्या गरीब घरातलं स्वयंपाकघरही मांडलंय, तिथे घाई करू नका.

परत माइल एंडला यायची गरज नाही, कालव्याच्या कडेने दक्षिणेला चालत सुटा, लाइमहाउस लागतं, तिथून डीएलआर (डॉकलँड्स लाइट रेल्वे) पकडा.