अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं ब्रिटिश वसाहतकाळातलं दप्तर शोधताय? या चुका टाळा

‘पेनसिल्व्हेनिया आर्काइव्ह्ज, खंड 3’ एवढ्याच संदर्भावर शोधायला बसलात, तर दिवस वाया गेलाच म्हणून समजा. जुन्या सरकारी कागदपत्रांच्या या छापील संग्रहाच्या नऊ मालिका आहेत आणि प्रत्येकीचे खंड पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणजे खंड 3 एक नाही, नऊ! मालिका कोणती, ते आधी ठरवा. गव्हर्नरांची कागदपत्रं चौथीत आहेत, असेंब्लीचं, म्हणजे विधिमंडळाचं, कामकाज आठवीत.

गव्हर्नरच्या कौन्सिलची, म्हणजे त्याच्या सल्लागार मंडळाची, इतिवृत्तं मात्र यांतल्या एकाही मालिकेत शोधू नका. त्यांचा ‘कलोनियल रेकॉर्ड्स’ हा 16 खंडांचा वेगळा संच आहे. नावातल्या ‘कलोनियल’ला, म्हणजे ‘वसाहतकालीन’ला, भुलू नका, खंड 11 पासून पुढे स्वातंत्र्यानंतरचा कारभार आहे. शिवाय पहिले तीन खंड दोनदा छापले गेले आणि दोन्ही छपायांचे पृष्ठक्रमांक जुळत नाहीत. पान उघडलं आणि भलताच मजकूर दिसला, तर संदर्भावर शंका घेण्याआधी मुखपृष्ठावरचं साल बघा. 1852 ची प्रत असेल, तर 1838-40 ची काढून पाहा.

खरी गोची तारखांची. 1752 पर्यंत तिथंही आपल्या पाडव्यासारखं वर्ष मार्चमध्ये बदलायचं, 25 तारखेला. त्यातून तिथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना महिन्यांची रूढ नावं मान्य नव्हती. ते आकडे लिहायचे आणि त्यांचा पहिला महिना मार्च. ‘11 वा महिना, 1702’ असं दिसलं की हात नोव्हेंबरकडे जातो, पण ती जानेवारी आहे आणि आपल्या हिशेबानं साल 1703. ‘1702/3’ अशी दुहेरी नोंद असेल तर दुसरा आकडा आपला.

ऑनलाइन शोधात काहीच सापडत नाही? बेंजामिन फ्रँकलिनच्या काळच्या मूळ छपाईत लांब ‘एस’ (त्या अक्षराचं जुनं वळण) हा ‘एफ’सारखा दिसतो आणि मशीन ‘असेंब्ली’चं ‘अफेंब्ली’ वाचतं. तसाही शोध देऊन बघा. विशेषनामांची स्पेलिंगं तर लेखनिकाच्या मर्जीवर. त्यापेक्षा संपादक सॅम्युएल हॅझर्डची 1860 ची छापील सूची बरी. ‘कलोनियल रेकॉर्ड्स’ आणि पहिली मालिका, दोन्ही तिच्यात येतात.

शेजारच्या डेलावेअरचं जुनं काही हवं असेल तरी इथंच या, आधी दोघांचा कारभार एकत्र होता. 1704 मध्ये त्यांची असेंब्ली वेगळी झाली, गव्हर्नर पुढेही एकच राहिला.

मृत्युपत्रं आणि खरेदीखतं हवी असतील, तर प्रांताचं नव्हे, काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, दप्तर बघायचं. तेही त्या काळच्या काउंटीचं. लँकेस्टर काउंटी 1729 ची, त्याआधीची तिथली नोंद चेस्टरमध्ये.