पितळेच्या ड्रॉला तेल निवडताना या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या प्रेस शॉपमध्ये पितळेच्या ड्रॉचं, म्हणजे सपाट पत्रा साच्यात दाबून कप ओढण्याचं काम आलं की डायवर (साच्यावर) चर्चा होते, टनेजवर (प्रेसच्या ताकदीवर) होते, पत्र्याच्या भावावर तर होतेच. तेलावर होत नाही. शेडमध्ये जो कॅन उघडा असेल तोच पितळेला लागतो, आणि माल बिघडला की शिव्या पत्रेवाल्याला बसतात. पितळेच्या तेलाची परीक्षा प्रेसखाली संपत नाही. ती धुण्याच्या टाकीत, भट्टीत आणि गोदामात चालूच राहते. नवशिका फक्त स्ट्रोक बघतो: कप फाटला नाही ना, मग तेल चांगलं!

एक साधा जॉब धरू. ७०-३० पितळ (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त), ०.८ मिमी पत्रा, ९० मिमी व्यासाची ब्लँक (कापलेली गोल चकती). पहिल्या ड्रॉला ५० मिमीचा कप, उंची साधारण २८ मिमी. व्यासात ४४ टक्के घट झाली. मऊ पत्र्याला ती झेपते. दुसऱ्या ड्रॉला ५० वरून ४० मिमी, उंची ४० च्या आसपास.

स्टेनलेसचं तेल पितळेला लावणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि सगळ्यात महागात पडते. स्टेनलेसच्या जड ड्रॉसाठी मिळणाऱ्या बऱ्याच तेलांत सल्फर किंवा क्लोरीन असतं. दाबाखाली पोलाद तापलं की त्या सल्फर-क्लोरीनचा पातळ थर तयार होतो आणि धातू डायला चिकटत नाही. पोलादावर हे उत्तम. पितळेत मात्र ७० टक्के तांबं आहे. तेलातलं सक्रिय सल्फर तांब्याला थंडपणीच धरतं, भट्टीची वाटही बघत नाही.

फसगत होते ती वेळेमुळे. कप प्रेसमधून निघतो तेव्हा सोन्यासारखा दिसतो. सुट्टीच्या आदल्या दिवशी घाई असते, कप एकात एक घालून क्रेट भरतात, धुणं परवावर जातं. परवा क्रेट उघडलं की कपांच्या काठाखाली जांभळट-काळा पट्टा आलेला असतो. नेमका तिथेच, जिथे एक कप दुसऱ्यात बसला होता आणि मधल्या फटीत तेल साचलं होतं. मग बफिंगवाल्याकडे धावाधाव. पण तो थर तांब्याच्या सल्फाइडचा आहे, नुसती घाण नव्हे. बफने तो काढायचा म्हणजे पितळही जातं, आणि एखादा ठिपका राहिला की प्लेटिंग तिथे धरत नाही.

विकत घेताना दुकानदाराला सरळ विचारा: सक्रिय सल्फर आहे का? उत्तर ‘सगळ्याला चालतं’ असं आलं तर कॅन परत ठेवा. घ्यायचं ते फॅटी ऑइलवर आधारलेलं, सक्रिय सल्फर आणि क्लोरीन नसलेलं ड्रॉइंग ऑइल, किंवा साबण-चरबीचं इमल्शन (पाण्यात घोटलेलं मिश्रण). या जॉबला त्याहून तिखट काही लागत नाही.

आणि कॅनवरच्या लेबलवर विश्वास ठेवू नका. त्याच पत्र्याची पट्टी घ्या, पॉलिश करा, अर्धी तेलात बुडवून काचेच्या बरणीत १०० अंश सेल्सिअसवर तीन तास ठेवा. प्रयोगशाळेत तांब्याच्या पट्टीची चाचणीही अशीच होते. दुसरी पट्टी तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत चार दिवस पडू द्या. दोन्ही पुसून कोऱ्या पट्टीशेजारी उजेडात धरा. रंग बदललेला दिसला की ते तेल पितळेसाठी बाद. (स्पिरिट किंवा अल्कोहोल मिसळलेलं काहीही ओव्हनमध्ये नको, आग लागेल.)

दोन्ही बाजूंना तेल थापणं

‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित’ हा गैरसमज कपाचा तळ फाडतो. डायकडच्या बाजूला आणि ब्लँकहोल्डरखाली (पत्र्याची कड दाबून धरणाऱ्या भागाखाली) पत्रा सरकायला हवा, तिथे तेल लावा. पत्रा आत ढकलणाऱ्या पंचच्या नाकाशी मात्र पत्र्याने पंचला धरून ठेवायला हवं. त्या पकडीमुळे खेचण्याचा काही ताण पंच उचलतो. तिथेही तेल लावलंत तर सगळा ताण तळाच्या वळणावर येतो आणि नेमकी तिथेच चीर पडते. मग प्रेसवाला आणखी तेल ओततो.

शिवाय साचलेल्या तेलाला जागा लागते. पंचला हवेचं भोक नसेल तर तळात अडकलेलं तेल पत्र्यावर खळगे पाडतं. काडतुसाच्या केसला (पितळी नळीला) नवा आकार देताना खांद्यावर तेल जास्त झालं की अशाच पोचा पडतात. कारण तेच, तेल दाबलं जात नाही. ब्लँकवर बोट फिरवलं की चकाकती रेघ उमटावी, पण ब्लँक उभी धरली तर ओघळ येऊ नये. इतकंच तेल पुरतं.

न धुता भट्टीत आणि न धुता गोदामात

दुसऱ्या ड्रॉआधी अ‍ॅनिलिंग (भट्टीत तापवून मऊ करणं) करायचं असेल तर कप आधी धुवायचाच. राहिलेलं तेल भट्टीत जळतं, त्याचा कोळसा ऑक्साइडखाली बसतो आणि मग कितीही पिकलिंग (अ‍ॅसिडात धुणं) करा, ठिपके तसेच. ६०-७० अंशांच्या पाण्यात सौम्य अल्कलीचं डिग्रीझर, मग दोनदा स्वच्छ पाणी. कप बाहेर काढून तिरका धरा: पाण्याची सलग चादर ओघळली तर स्वच्छ, थेंब-थेंब तुटलं तर परत टाकीत.

गोदामाची गोष्ट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवली जात. पावसाळा संपेपर्यंत केसना आपोआप चिरा पडलेल्या असत, म्हणून त्या बिघाडाला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं: ड्रॉ केलेल्या पितळेत उरलेला ताण, आणि घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया. ओल, अमोनिया आणि ताण एकत्र आले की १५ टक्क्यांहून जास्त जस्त असलेलं पितळ तडकतं, बाहेरून हातही लागलेला नसताना.

पागा गेल्या, अमोनिया गेला नाही. दिंडोरी-पिंपळगावकडे ज्या गोदामात द्राक्षबागेचा युरिया आणि गंधकाची पोती ठेवतात, त्याच गोदामात पितळेचे क्रेट ठेवणारे आहेत. ओलावलेला युरिया अमोनिया सोडतो आणि गंधक पितळ काळं करतं. शॉपच्या आतही धोका आहेच. पाण्यात मिसळणाऱ्या काही ड्रॉइंग तेलांत अमाइन (अमोनियाच्या जातीची रसायनं) असतात, तेही तांब्याला खातात. इमल्शनला निळी-हिरवी झाक आली तर तांबं विरघळतंय असं समजा आणि टाकी रिकामी करा. तयार मालाला २५० ते ३०० अंशांवर तासभर धरून ताण उतरवा; चकाकी थोडी जाते, पण माल वाचतो. ‘एवढ्या छोट्या कपाला कशाला’ म्हणणाऱ्याला परत आलेला, काठावर उभ्या चिरा पडलेला कप हातात द्या.

थोडक्यात उरलेल्या

लेथच्या टाकीतलं एकास वीस कूलंट ड्रॉला पुरत नाही. सोल्युबल ऑइल एकास तीन ते पाच ठेवा.

साबणाचं द्रावण बोअरच्या क्षाराच्या पाण्यात करू नका. चुन्याचा चोथा होतो आणि डायच्या त्रिज्येत साचतो.

ग्रॅफाइट आणि मॉलीचं (मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं) ग्रीस नको. ड्रॉ झकास होतो, पण ते पितळेवरून निघत नाही.

तळणाचं तेल तर नकोच. ते वाळून चिकट कातडं धरतं. खोबरेल चांगलं, पण २४ अंशांच्या खाली गोठतं. निफाडच्या थंडीत सकाळची पाळी डबा तापवण्यातच जाईल. एरंडेल न वाळणारं आणि घट्ट फिल्म धरणारं आहे, फक्त ते मिनरल ऑइलमध्ये नीट मिसळत नाही, तळाशी वेगळं होतं. शंभर-दोनशे नगांच्या कामाला एक भाग लॅनोलिन (लोकरीची चरबी), दहा-बारा भाग ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), कोमट करून हलवायचं आणि फवारायचं. कोमट करायचं ते गरम पाण्यात बाटली ठेवून, ज्योतीवर नको. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबा, भट्टीपासून लांब. हे थांबणंच कुणाला जमत नाही, आणि ओल्या ब्लँकवर मारलेला पहिला कप ओरखडलेला निघतो.

कपावर उभ्या रेघा यायला लागल्या तर तेल बदलण्याआधी डाय बघा. पितळेचा कण चिकटलेला असतो, नखाला लागतो. डायमंड पेस्टने ड्रॉच्या दिशेने पॉलिश करा, आडवा एमरी पेपर कधीच नको. चिंधीही तपासा: जमिनीवर पडलेली चिंधी म्हणजे तेलात बुडवलेला एमरीच.

पिकलिंगच्या पाच ते दहा टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये लोखंडी चिमटा घालू नका. लोखंड विरघळतं आणि कपावर तांब्याचे लाल डाग बसतात. प्लास्टिकची जाळी किंवा पितळी आकडा वापरा, आणि द्रावण करताना अ‍ॅसिड पाण्यात ओता, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही.