टेक आणि बिझनेसच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

दिवसभरातल्या टेक आणि बिझनेसच्या बातम्यांचा आढावा दहा-पंधरा मिनिटांत वाचून होतो. एकेक बातमी जेमतेम दोन-तीन ओळींची असते. तेवढ्या जागेत बसवताना तीन गोष्टी हमखास गळतात: प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे, आकडा नेमका कशाचा आहे आणि हे सांगतंय कोण. या क्षेत्राची मनापासून आवड असणारे, रोज न चुकता वाचणारे लोकही याच तीन ठिकाणी फसतात. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघालेल्या आहेत.

करार जाहीर झाला म्हणजे कंपनी विकली गेली, असं धरणं

सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडिया या चिप कंपनीने जपानच्या सॉफ्टबँकेकडून आर्म ही चिप-डिझाइन कंपनी घेण्याचा ४० अब्ज डॉलरचा करार जाहीर केला. ज्याने ही बातमी तिथेच सोडली, त्याच्या डोक्यात आर्म आजही एनव्हिडियाचीच असेल. आर्मची डिझाइन्स एनव्हिडियाचे प्रतिस्पर्धीही वापरतात, म्हणून या व्यवहाराला सुरुवातीपासून विरोध होता. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो अडवायला दावा दाखल केला, फेब्रुवारी २०२२ मध्ये व्यवहार रद्द झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये आर्मने नॅसडॅकवर स्वतःचे शेअर आणले.

अडोबी ही सॉफ्टवेअर कंपनी आणि डिझाइनचं साधन बनवणारी फिग्मा यांचंही असंच झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये अडोबीने फिग्मा घेण्याचा २० अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला. युरोपीय संघ आणि ब्रिटनच्या नियामकांकडून मंजुरीची चिन्हं दिसेनात, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये दोघांनी तो सोडून दिला आणि ठरल्याप्रमाणे अडोबीने फिग्माला १ अब्ज डॉलर भरपाई दिली. उलट मायक्रोसॉफ्टने अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही व्हिडिओ गेम कंपनी घेण्याचा सौदा एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनच्या नियामकाने नाकारला होता. क्लाउड गेमिंगचे (म्हणजे इंटरनेटवरून गेम खेळू देण्याचे) हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला देण्याची तडजोड झाली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो पूर्णही झाला. म्हणजे मधल्या काळात 'झालंच' म्हणणारे आणि 'फिसकटलंच' म्हणणारे, दोघंही चुकले असते.

उपाय सोपा आहे, पण सवय लावावी लागते: बातमीतलं क्रियापद वाचा. 'चर्चा सुरू आहे', 'करारावर सह्या झाल्या', 'मंजुरी मिळाली' आणि 'व्यवहार पूर्ण झाला' या चार वेगळ्या बातम्या आहेत. पहिलीत बहुतेकदा नाव न सांगणारे सूत्र असतं, दुसरीत कंपनीचं अधिकृत पत्रक असतं. व्यवहार कधीपर्यंत पूर्ण होईल याचा अंदाज त्या पत्रकात सहसा दिलेला असतो, तो टिपून ठेवावा.

वस्तूंच्या बाबतीतही हेच. ॲपलने सप्टेंबर २०१७ मध्ये एअरपॉवर हा चार्जिंग मॅट मंचावरून दाखवला आणि मार्च २०१९ मध्ये तो रद्द केला. टेस्लाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सायबरट्रक या विजेवरच्या गाडीची सुरुवातीची किंमत ३९,९०० डॉलर सांगितली होती. चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पहिल्या गाड्या ग्राहकांच्या हाती पडल्या तेव्हा यादीतली सर्वांत स्वस्त आवृत्ती ६०,९९० डॉलरची होती, आणि तीही पुढे कधीतरी मिळणार होती. पेटंटच्या बातम्या तर याच्याही आधीच्या टप्प्यावरच्या. कंपन्या शेकडो कल्पनांचं पेटंट घेतात, त्यातल्या बहुतेक कधीच दुकानात येत नाहीत.

आकडा कशाचा आहे हे न विचारणं

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. आकडा खरा असतो, पण वाचणारा तो भलत्याच गोष्टीला लावतो.

डीपसीकचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये या चिनी कंपनीने आपल्या व्ही३ या एआय मॉडेलचा तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केला. प्रशिक्षणाला सुमारे २७.८८ लाख जीपीयू-तास (एक जीपीयू चिप एक तास चालली की एक जीपीयू-तास) लागले, तासाला २ डॉलर भाडं धरलं तर खर्च सुमारे ५५.७६ लाख डॉलर, असं त्यात मांडलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच पायावरचं आर१ मॉडेल गाजलं आणि 'साठ लाख डॉलरच्या आत एआय तयार झालं' ही गोष्ट जगभर पसरली. २७ जानेवारीला, एआयसाठी लागणाऱ्या चिप विकणाऱ्या एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५८९ अब्ज डॉलरने घसरलं. त्या अहवालात मात्र स्वच्छ लिहिलं होतं की हा खर्च फक्त शेवटच्या प्रशिक्षणाचा आहे, आधीचं संशोधन आणि प्रयोग यात धरलेले नाहीत. चिप विकत घेण्याचा खर्च आणि माणसांचे पगारही त्यात नाहीत. मॉडेल कमी साधनांत तयार झालं हे खरंच, आणि ते कौतुकास्पद आहे. पण त्या आकड्याची दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या वर्षभराच्या एकूण खर्चाशी तुलना करण्यात अर्थ नाही.

याच बातमीतला दुसरा आकडाही नीट वाचायला हवा. बाजारमूल्य ५८९ अब्जांनी घटलं म्हणजे तेवढी रोकड कंपनीच्या तिजोरीतून गेली, असं होत नाही. शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, एवढाच तो हिशेब असतो.

विज्ञानाच्या बातम्यांत हाच गोंधळ आणखी खोल असतो. ५ डिसेंबर २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत फ्यूजनचा (अणूंची केंद्रं एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याचा) प्रयोग यशस्वी झाला: २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा लक्ष्यावर पडली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. दिली त्याहून जास्त ऊर्जा मिळाली, हे पहिल्यांदाच घडलं होतं आणि त्याचं मोल मोठं आहे. पण ते लेसर चालवायला विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. ज्याने हा तिसरा आकडा वाचला नाही, त्याला फ्यूजनवरची वीज दारात आलेली वाटली असेल.

स्टार्टअपच्या मूल्यांकनाकडेही असंच पाहावं. गुंतवणुकीच्या शेवटच्या फेरीत एका शेअरला जो भाव मिळाला, तो सगळ्या शेअरना लावून हा आकडा काढतात. त्या फेरीतल्या गुंतवणूकदारांना बहुतेकदा आपले पैसे आधी परत मिळण्यासारखे खास हक्क असतात, जुन्या शेअरना ते नसतात. जानेवारी २०१९ मध्ये वीवर्क या ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीचं मूल्यांकन ४७ अब्ज डॉलर होतं. ऑगस्टमध्ये शेअर विक्रीची कागदपत्रं खुली झाली. २०१८ सालचं उत्पन्न सुमारे १.८ अब्ज डॉलर आणि तोटा १.९ अब्ज डॉलर, हे सर्वांना दिसलं. सप्टेंबरअखेर ती विक्री मागे घ्यावी लागली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मूल्यांकनाची बातमी आली की लगेच उत्पन्न आणि नफा-तोटा शोधावा. ते कुठेच सापडत नसेल, तर कंपनीचा आकार आपल्याला अजून कळलेला नाही असंच मानावं.

दोन ठिकाणचे आकडे जुळत नसतील तर

कुणीतरी खोटं लिहितंय असा निष्कर्ष काढण्याआधी या गोष्टी तपासा.

कंपनीचं आर्थिक वर्ष कधी संपतं? ॲपलचं सप्टेंबरअखेर, मायक्रोसॉफ्टचं ३० जूनला, एनव्हिडियाचं जानेवारीअखेर. त्यामुळे ॲपलची 'पहिली तिमाही' ऑक्टोबर ते डिसेंबर असते आणि एनव्हिडियाचं आर्थिक वर्ष २०२५ जानेवारी २०२५ मध्येच संपलेलं असतं.

तुलना कशाशी केली आहे? ॲपलची जानेवारी-मार्च तिमाही आदल्या तिमाहीपेक्षा खाली दिसते, कारण आदल्या तिमाहीत नवे आयफोन आणि वर्षअखेरची खरेदी असते. इथे गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करणंच योग्य.

नफा कुठला? 'समायोजित' हा शब्द दिसला की काय वगळलंय ते पाहा. वीवर्कने २०१८ मध्ये 'कम्युनिटी अॅडजस्टेड एबिटा' नावाचा मापदंड पुढे केला होता (एबिटा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीची कमाई), त्यात जाहिरात आणि प्रशासनासारखे खर्चही बाजूला काढलेले होते.

शेअरचं विभाजन झालंय का? जून २०२४ मध्ये एनव्हिडियाने एका शेअरचे दहा केले. सुमारे १,२०० डॉलरचा भाव सुमारे १२० झाला, आणि कुणाचंही काही गेलं नाही.

राहिली शून्यं. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी म्हणजेच १ अब्ज, ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. घाईघाईच्या भाषांतरात हे नेहमी घसरतं. शंका आली तर मूळ बातमीतला आकडा शून्यांसकट लिहून काढावा.

पहिल्या तासातली बातमी अंतिम मानणं

१९ जुलै २०२४ रोजी विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत विंडोजचे संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. हा सायबर हल्ला आहे, मायक्रोसॉफ्ट कोसळलं, असं पहिल्या काही तासांत बोललं गेलं. खरं कारण क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट होतं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणकांना त्याचा फटका बसला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद होते, तेव्हाही हॅकिंगच्या वावड्या उठल्या. देखभालीच्या कामातल्या एका चुकीमुळे फेसबुकचं जाळं बाकी इंटरनेटपासून तुटलं होतं.

माणसांच्या बाबतीत तर चित्र याहून वेगाने पालटतं. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या संचालक मंडळाने कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांना काढलं. तीन दिवसांत ते मायक्रोसॉफ्टमध्ये जाणार असं मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी जाहीर केलं, आणि आठवडा संपायच्या आत ते परत ओपनएआयचे प्रमुख झाले. मधल्या प्रत्येक दिवसाची बातमी त्या दिवसापुरती बरोबर होती. अशा वेळी तासातासाला वाचत बसण्यापेक्षा दोन दिवस थांबून एक सविस्तर लेख वाचावा. ताजेपणाचा मोह सोडला तर यात गमावण्यासारखं काही नाही.

दहा ठिकाणी आलं म्हणजे खरं

दहा ठिकाणी आलेली बातमी पुष्कळदा एकाच झऱ्याचं पाणी असते. १३ सप्टेंबर २०२१ रोजी वॉलमार्ट ही अमेरिकी दुकानसाखळी लाइटकॉइन हे आभासी चलन स्वीकारणार असं पत्रक ग्लोबन्यूजवायर या वितरण सेवेवर झळकलं. ते बनावट होतं, पण मोठ्या माध्यमांनी बातमी दिली आणि लाइटकॉइनचा भाव काही काळ उसळला. ९ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या रोखे नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, अधिकृत एक्स खात्यावरूनच बिटकॉइन ईटीएफला (बिटकॉइनवर आधारलेल्या, शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांना) मंजुरी दिल्याचं जाहीर झालं. ते खातं हॅक झालेलं होतं. खरी मंजुरी दुसऱ्या दिवशी आली. म्हणून पैशाचा निर्णय बातमीवर अवलंबून असेल तर दुसरं, स्वतंत्र ठिकाण बघा: कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ, शेअर बाजाराकडे केलेली नोंद, नियामकाचा मूळ आदेश. 'अमुक माध्यमाच्या वृत्तानुसार' असं पाच ठिकाणी असेल आणि ते माध्यम एकच असेल, तर तुमच्याकडे पाच नव्हे, एकच बातमी आहे.

नावंही तपासावीत. जानेवारी २०२१ मध्ये इलॉन मस्क यांनी सिग्नल या मेसेजिंग ॲपबद्दल 'सिग्नल वापरा' अशा अर्थाचं ट्वीट केलं आणि सिग्नल अॅडव्हान्स या, त्या ॲपशी काडीचाही संबंध नसलेल्या छोट्या कंपनीचा शेअर काही दिवसांत कित्येक पट वाढला. सिग्नल ॲप चालवणारी संस्था ना-नफा आहे, तिचे शेअर बाजारात नाहीतच.

शोधनिबंध आला म्हणजे शोध लागला

जुलै २०२३ च्या अखेरीस दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ हा पदार्थ सामान्य तापमानाला अतिवाहक (म्हणजे विजेला अजिबात न अडवणारा) असल्याचा दावा केला. तो प्रीप्रिंट होता, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा मसुदा. काही आठवड्यांतच जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ स्वतः बनवून पाहिला आणि दाव्यात दाखवलेली विद्युतरोधातली अचानक घट कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे दिसत होती, हे उघड झालं.

तज्ज्ञांनी तपासलेला निबंध असेल तरी घाई करू नये. 'नेचर'मध्येच छापलेले सामान्य तापमानाच्या अतिवाहकतेचे दोन निबंध, एक २०२० मधला आणि एक मार्च २०२३ मधला, पुढे मागे घेतले गेले. दुसऱ्या प्रयोगशाळेला तोच निकाल मिळाला का, हा प्रश्न इथे निर्णायक आहे. क्वांटम संगणकाच्या बातमीत आणखी एक विचारावा: तुलना कुठल्या जुन्या पद्धतीशी केली? ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने सांगितलं की आपल्या यंत्राने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षं लागतील. चांगली पद्धत वापरली तर अडीच दिवस पुरतील, असं आयबीएमने उत्तर दिलं.

चिपच्या बातम्यांतले '३ नॅनोमीटर', '५ नॅनोमीटर' हे आकडे आता पिढीची नावं आहेत, चिपवरच्या कुठल्याही भागाचं ते मोजमाप नाही. इंटेलने २०२१ मध्ये आपल्या १० नॅनोमीटर प्रक्रियेच्या सुधारित आवृत्तीचं नाव 'इंटेल ७' ठेवलं. दोन कंपन्यांच्या चिपची तुलना करायची असेल तर वेग, वीजवापर आणि ट्रान्झिस्टरची (चिपवरच्या सूक्ष्म विद्युत-स्विचांची) दाटी पाहा.

बातमी वाचून सोडून देणं

मोठा मथळा पहिल्या पानावर येतो आणि तो खोटा ठरल्याची ओळ महिन्यांनी, आढाव्याच्या तळाशी. म्हणून महत्त्वाच्या वाटलेल्या बातमीसमोर एक तारीख लिहून ठेवा: कंपनीने दिलेली मुदत, न्यायालयातली पुढची तारीख, पुढचा तिमाही निकाल. त्या दिवशी नाव शोधून पाहा. वर्षभर असं केलं की कुठली कंपनी शब्द पाळते आणि कुठलं माध्यम आपली चूक जुन्या बातमीतच ठळकपणे दुरुस्त करतं, हे स्वतःच्या नोंदींवरून कळतं, आणि वाचायची यादी त्यानुसार छाटता येते.