गच्चीवरची स्ट्रॉबेरी देठाशी का सडते?

महाबळेश्वर-पाचगणीची रोपं दिवाळीनंतर आणून कुंडीत लावली, तर जानेवारीत मुंबईतही फळ धरतं. मग तक्रार ठरलेली: लाल व्हायला आलं आणि सडलं!

सडलेलं दिसतं फळ, पण राखाडी बुरशी बहुतेकदा शिरते फुलातून. वाळक्या पाकळ्या देठाशी चिकटून राहतात, त्यांत ओल टिकते आणि बुरशी तिथेच दबा धरून बसते. फळ पिकू लागलं की देठाच्या हिरव्या टोपीखालून तपकिरी, मऊ डाग पसरतो आणि त्यावर राखेसारखी लव येते. साधारण १५ ते २५ अंश तापमान आणि ओलं झाड, एवढं तिला पुरतं. आपल्याकडच्या जानेवारीच्या रात्री नेमक्या अशाच. म्हणून सुकलेल्या पाकळ्या हलक्या बोटांनी झटकून टाका. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते फवारणीपेक्षा मोलाचं.

पाणी सकाळी द्या, तेही बुंध्याशी. झारीने वरून आंघोळ नको. माझ्या बाल्कनीत एकाच कोपऱ्यातली तीन झाडं सडायची. कारण कळायला महिना गेला. वरच्या मजल्यावरच्या दोरीवरून ओल्या चादरी ठिबकत होत्या! कुंड्या हातभर सरकवल्या, प्रश्न मिटला.

फळ मातीला टेकू देऊ नका. खाली भाताचा पेंढा किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. मातीचे शिंतोडे उडाले की दुसरी एक कूज लागते: फळ चामड्यासारखं चिवट आणि चवीला कडू. फेब्रुवारीत ऊन चढलं की खोलगट, गोल, गडद डाग दिसतील. दमट हवेत त्यांवर नारिंगी-गुलाबी चिकटा येतो. हा करपा. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर तो शेजारच्या झाडावर जातो, म्हणून करपा लागलेलं झाड आधी वेगळं ठेवा.

युरियाचा हात आखडता घ्या; पाला माजतो, आत वारा खेळत नाही, फळही लुसलुशीत होतं. आठ-दहा इंची कुंडीत एकच रोप पुरे.

सडलेलं फळ दिसताक्षणी काढा, पण घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका. कागदात गुंडाळून थेट ओल्या कचऱ्यात. आणि निरोगी फळं तोडून झाल्यावर मगच त्याला हात लावा. रोज तोडून खायच्या फळांवर मी रासायनिक बुरशीनाशक मारत नाही. कुणाला मारायचंच असेल, तर डब्यावर स्ट्रॉबेरीचं नाव आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचून मगच.

फळ टोपीसकट, थोडा देठ ठेवून खुडा. धुवायचं खायच्या वेळी. धुऊन फ्रिजमध्ये ठेवलेली वाटी लवकर लव धरते.