एसएस (स्टेनलेस स्टील) पाइपचा सांधा: आधी आतून बघा

डेअरीच्या लाइनी जोडणं हे माझं रोजचं काम. गिऱ्हाईक बाहेरून हात फिरवतं आणि खूश होतं. दूध मात्र आतून जातं, त्यामुळे मी टॉर्च मारून आधी आत बघतो.

३०४एल जातीच्या स्टीलच्या पाइपला ३०८एल फिलर (सांध्यात वितळवायची तार), ३१६एलला ३१६एल. 'एल'मध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांच्या वर नसतो. कार्बन जास्त असला की वेल्डिंगच्या तापात तो क्रोमियम ओढून घेतो आणि सांध्याशेजारची पट्टी गंजाला मोकळी होते. त्यासाठीच करंट बेताचा ठेवायचा आणि एका जागी रेंगाळायचं नाही.

एमएसवर (साध्या लोखंडी पोलादावर) फिरवलेली डिस्क किंवा ब्रश एसएसला लावू नका. लोखंडाचा कण रुतला की तांबडे ठिपके येतात, मग सगळे पाइपच्या कंपनीला शिव्या देतात. कापल्यावर आतबाहेरची बर (कापताना उठलेली धारदार कड) काढा, कडा ॲसिटोनने पुसा.

आता पर्जिंग, म्हणजे वेल्ड करताना पाइपच्या आतली हवा आरगॉन वायूने हाकलणं. आरगॉन वाचवायला लोक नेमकं हेच टाळतात. पाइपची दोन्ही तोंडं टेपने बंद करा. आरगॉन हवेपेक्षा जड, म्हणून आत सोडायचा खालून आणि हवा बाहेर जायला भोक वरच्या बाजूला. सांध्याच्या फटीवरही टेप लावा, वेल्ड पुढे सरकेल तशी सोलत जा. भोकाशी लायटर विझला म्हणजे झालं, असं काही जण मानतात. साफ चूक! ऑक्सिजन सोळा टक्क्यांच्या आसपास आला तरी ज्योत विझते. आपल्याला ऑक्सिजन टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढाच चालतो. ऑक्सिजन मोजायचा मीटर लावा. शेवटचा इंचभर उरला की आतला प्रवाह कमी करा, नाहीतर दाबाने वितळलेला धातू बाहेर फुगतो. वेल्ड झाल्यावरही पाइप निवेपर्यंत गॅस चालू ठेवा.

आत चांदीसारखा किंवा फिकट पिवळा रंग दिसला तर काम बरोबर. काळं, खरखरीत, जळक्या साखरेसारखं दिसलं तर तो सांधा कापा. त्या खाचांत दूध अडकतं, कितीही धुतलं तरी निघत नाही.

बाहेरचा निळा-काळा पट्टा नुसता बफ मारून घालवू नका. पिकलिंग पेस्ट (तो जळका थर काढणारं ॲसिडचं मलम) लावा, डब्यावर लिहिलेला वेळ पाळा आणि कमी क्लोराइडच्या भरपूर पाण्याने धुवा. पेस्टमध्ये हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत उतरतं, दुखायला कधीकधी उशिरा लागतं. हातमोजे, चष्मा हवेतच, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल जवळ नसेल तर डबा उघडूच नका.