मुलाची आवड ओळखताना या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. मी करिअरचा मोठा तज्ज्ञ वगैरे नाही. शाळेत गणित शिकवतो आणि पोरांच्या आवडीच्या चाचण्यांचे अहवाल पालकांना समजावून सांगतो. सोलापुरात हे काम करताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

मागच्या मे महिन्यात पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार मुलाला घेऊन आले. बसायच्या आधीच म्हणाले, "सर, ह्याला मागाच्या धंद्यात घालायचं नाही. बाकी काय पण सांगा, चालतंय की ओ." मुलगा गप्प. मी सहज त्याची वही चाळली. मागच्या पानांवर चौकटी आखून त्यानं मोर काढला होता. एकेक चौकट भरलेली, शेपटीचा भाग चार वेळा खोडून पुन्हा केलेला, आणि कडेला बारीक अक्षरात आकडे.

"हे काय रे?"

"चुलत्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर करतात सर. मी कागदावर करायलोय. मोर दुसऱ्यांदा आला की शेपटी जुळंना."

जॅकार्डच्या, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या मागावरच्या, चादरीची नक्षी अशीच तयार होते. एक चौकट म्हणजे उभा धागा आडव्याला कुठं ओलांडतो त्याची खूण. पोरगं तीन आठवडे त्या शेपटीशी झुंजत होतं आणि वडील म्हणत होते, ह्याचं कशात मनच लागत नाही.

धंदा आणि काम यांत गल्लत

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. "टेक्स्टाइल नको", "शेती नको", "हॉस्पिटल लाइन चांगली" असं आपण बोलतो. पण आवड धंद्याच्या नावाला चिकटत नाही, रोज हाताखाली येणाऱ्या कामाला चिकटते. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1959 साली आवडींची जी मांडणी केली, तिच्यातून सहा गट पुढं आले. आज बहुतेक चाचण्या कमी-अधिक तिच्यावरच उभ्या आहेत. त्या सहा गटांची इंग्रजी नावं पाठ करायची गरज नाही. एमआयडीसीतल्या कुठल्याही टॉवेलच्या कारखान्यात एक चक्कर मारा.

माग अडला की पाना घेऊन खाली शिरणारा जॉबर हा पहिला: हातानं, यंत्राशी काम करणारा. धुतल्यावर लाल रंग का उतरतो याचा छडा लावल्याशिवाय जेवायला न जाणारा डायिंगवाला दुसरा. नक्षी काढणारा तिसरा. नव्या बाईला हाताला धरून काम शिकवणारी, कुणाच्या घरी काय चाललंय ते ठाऊक असणारी सुपरवायझर चौथी. गिऱ्हाइकाला फोनवर घोळात घेऊन भाव पटवणारे मालक पाचवे. आणि गाठी, पगारपत्रक, जीएसटी यांत एक रुपयाची चूक खपवून न घेणारे हिशेबनीस सहावे. छप्पर एक, धंदा एक, माणसं सहा तऱ्हेची. बहुतेकांत दोन-तीन तऱ्हा मिसळलेल्या असतात. त्या मोरवाल्या पोरात तिसरी तर होतीच, पण शेपटी का जुळत नाही याचा छडा लावायची दुसरीही होती.

म्हणून "तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्याला उत्तर ठरलेलं येतं: आयएएस. "कुठलं काम करताना कुणी हाक मारली तर राग येतो?" असं विचारून बघा.

मार्क म्हणजे आवड नव्हे

गणितात 95 पडलेल्या पोराला गणित आवडतंच असं नाही. कधी शिकवणारा चांगला असतो, कधी धाक. उलटंही होतं. त्यामुळे मार्कांवरून झेप किती ते बघा आणि ओढ कुठं आहे ते वेगळं बघा. मॅच बघायची आवडही तशीच फसवी. बघणं वेगळं, रोज पहाटे पार्क मैदानावर घाम गाळणं वेगळं.

अहवाल चुकीचा वाचणं

2016 मध्ये राज्यात दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली, तेव्हापासून 'कल' हा शब्द घरोघरी गेला. तो कल म्हणजे कुवत, असं समजून अनेकांनी शाखा ठरवल्या. आवडीची चाचणी फक्त ओढ सांगते. जमेल की नाही, ते सांगणारी अभियोग्यता चाचणी निराळी.

सगळेच गुण खाली आले तर पोरगं आळशी ठरवू नका. ज्यानं कधी सोल्डरिंगचा धूर बघितला नाही, तो 'आवडतं' वर खूण कशी करणार? आधी अनुभव द्या, मग चाचणी. सगळेच गुण वर आले तर बहुधा घाईनं खुणा केल्यात, किंवा वडील शेजारी बसले होते. पुन्हा घ्या, आणि तुम्ही चहा प्यायला बाहेर जा. वर्षभरानं निकाल बदलला तरी घाबरू नका. पंधराव्या वर्षी आवड अजून घट्ट झालेली नसते, ती विशीच्या आसपास बरीच स्थिरावते.

मुलींच्या बाबतीत एक जास्तीचं. "तिला शिक्षिकाच व्हायचंय" असं आई सांगते तेव्हा मी विचारतो, तिनं दुसरं काय काय बघितलंय? बहुतेक वेळा उत्तर नसतं.

चुकलं असेल तर

अकरावी सायन्स घेऊन पोरगं कोमेजलं असेल तर बारावीनंतर कॉमर्स किंवा आर्ट्सला जाता येतं. आर्ट्समधून सायन्सला मात्र सहसा परतता येत नाही, म्हणून शंका असेल तर हा फरक आधी ध्यानात घ्या. आयटीआय म्हणजे शेवट नव्हे. फिटर, इलेक्ट्रिशियन असा दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट असते. चित्रकलेकडे ओढा असेल तर एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या परीक्षा शाळेत असतानाच उरकून घ्या.

त्या बापलेकांना मी ओळखीच्या एका डिझायनरकडे दोन दिवस पाठवलं. अट एकच घातली: पोरानं नुसतं बघायचं नाही, हाताला काम घ्यायचं. तिसऱ्या दिवशी वडील एकटेच आले.

"शेपटी जुळली म्हणे. दुपारचा डबा तसाच परत आणला की ओ पोरानं," ते म्हणाले. मग खुर्ची पुढं ओढली. "आता पगाराचं बोला सर."