आधी 'परका' कोण ते शोधा

व्याज, नागरिकत्व, वैऱ्यावर प्रीती यांपैकी विषय घेऊन बी.डी.चा (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीचा) प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी व्याज घेतलं आणि पहिल्या तोंडी परीक्षेत नापास झालो. अजून आठवलं की पोटात खड्डा पडतो.

मी वेंगुर्ल्याचा. आजोबांची होडी सावकाराकडे गेली. आजीने जपलेल्या वहीत दर महिन्याला व्याज भरल्याची नोंद आहे, मुद्दल मात्र शेवटच्या पानापर्यंत तेवढंच. त्यामुळे विषय आपलाच वाटला, आणि तिथेच गाफील राहिलो.

बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं 23:19-20 तुम्हाला पाठ असेल: भावाकडून व्याज नको, परक्याकडून चालेल. एका सीनियरच्या तयार नोट्समधून मी उतरवलं, परका म्हणजे इस्राएलाबाहेरचा कोणीही. परीक्षकांनी विचारलं, "मग लेवीय 25:35 मधला उपरा कोण?" मी गप्प. हिब्रूत शब्द दोन आहेत. 'नोख्री' म्हणजे बाहेरचा, बहुधा व्यापारापुरता आलेला. 'गेर' म्हणजे आपल्यात येऊन राहिलेला. कंगाल भावाला गेरसारखं सांभाळ, व्याज घेऊ नको, असं लेवीय सांगतं. म्हणजे गेरला सांभाळणं गृहीतच आहे. मराठीत वाचताना हे दोघे एक होऊन जातात. तयार नोट्स घेऊ नका. खरंच घेऊ नका.

दुसरी चूक अंब्रोझची. चौथ्या शतकातला हा मिलानचा बिशप म्हणतो, जिथे युद्धाचा हक्क तिथे व्याजाचा हक्क. मी तेच अंतिम मत म्हणून ठोकून दिलं. पण व्याज हे शस्त्र आहे, हे त्याने ओळखलं होतं, म्हणून तर ते भावावर उगारायचं नाही. आणि लूक 6:35 मध्ये वैऱ्यावर प्रीती आणि परतफेडीची आशा न धरता उसनं देणं एकाच वचनात येतं. मग शस्त्र उरतं कोणासाठी?

मध्ययुगीन धर्मपंडित अक्विनास, धर्मसुधारक कॅल्विनचं व्याजावरचं 1545 चं पत्र, 1745 चं पोपचं व्याजावरचं परिपत्रक हे सगळं नंतर सावकाश वाचलं तरी चालतं. नागरिकत्व हा विषय घेतला असेल तर फिलिप्पै ही रोमन वसाहत होती, एवढं धरून फिलिप्पै 3:20 ('आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे') वाचा.

मार्गदर्शक मूळ शब्दापाशी तुमच्यासोबत बसणारा हवा. प्रत्येक प्रकरणावर नुसतं 'छान' लिहिणारा असेल तर वेळीच बदला. हिब्रू जमेल. मला अक्षरं ओळखायलाच तीन महिने लागले, तरी जमली. व्याजाला तिथे 'नेशेख' म्हणतात, त्याच धातूचा अर्थ चावणं. तो शब्द सापडला त्या रात्री मी आजीची वही पुन्हा उघडली, आणि दुसऱ्या खेपेचा प्रबंध तिच्या शेवटच्या पानापासून सुरू केला.